निवड रंगाची, सत्ता कुणाची?

स्मार्टफोन विकत घ्यायला आलेल्या ग्राहकापुढे दुकानदार दोन खोकी ठेवतो आणि विचारतो, काळा की पांढरा? किंमत तीच, आतली यंत्रणा तीच, बनवणारी कंपनीही तीच. फरक काय तो वरच्या आवरणाचा. तरीही या प्रश्नावर घराघरांत खल होतो, मित्रांचा सल्ला घेतला जातो, आणि अखेरीस जो रंग ठरतो त्याविषयी ग्राहकाला एक प्रकारचे समाधान लाभते. निवड स्वतः केली, कुणी ती लादली नाही, असे त्याला वाटते. घरी पोचताच त्या फोनवर स्वस्तातले कव्हर चढते आणि मोठ्या विचाराने पसंत केलेला रंग दिसेनासा होतो, ही गोष्ट अलाहिदा.

या आवडीनिवडीची थट्टा करणे समाजवाद्याला शोभणार नाही. रंगाची हौस ही माणसाची जुनी हौस आहे. गिरणीत घाम गाळून परळ-लालबागच्या चाळीत परतणारा कामगार दिवाळीला घरच्या बाईसाठी लुगडे घेताना रंग पाहूनच घेत असे, आणि त्यात गैर काहीच नव्हते. ज्यांच्या आईबापांना मिळेल ते पदरात पाडून घ्यावे लागले, त्या मुलामुलींना आज दोन वस्तूंतून एक पसंत करता येते, ही स्वागतार्हच घटना आहे. आक्षेप आहे तो या लहानशा निवडीला स्वातंत्र्य हे भारदस्त नाव देऊन तिच्याआड मोठ्या निवडी दडवण्याला. फोन किती वर्षे चालावा, बिघडल्यास तो कुठे आणि किती खर्चात दुरुस्त व्हावा, तो जोडणाऱ्या मुलीने दिवसाचे किती तास उभे राहावे, तिला संघटना असावी की नसावी, यांपैकी एकाही प्रश्नावर दुकानदार दोन खोकी पुढे ठेवत नाही.

समाजवादाचे टीकाकार येथे जुन्या दूरध्वनीची आठवण करून देतील, आणि ती टाळण्याचे कारण नाही. १९४८ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्यातून येणारा दूरध्वनी बहुतांशी काळाच असे. रंगाचा प्रश्नच नव्हता; दूरध्वनी मिळणार केव्हा हाच प्रश्न होता. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लागून राही, आणि ज्याची वर ओळख त्याचा क्रमांक आधी लागे. या कारभारात नोकरशाहीचा माज होता आणि सामान्य माणसाची उपेक्षा होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. टंचाई म्हणजे समाजवाद नव्हे, आणि रांगेत उभे करणारी मक्तेदारी सरकारी असली म्हणून ती पुरोगामी ठरत नाही. तथापि चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तो काळा दूरध्वनी घडवणाऱ्या कामगाराला कायम नोकरी होती, आठ तासांचा दिवस होता आणि मालकाशी बोलणी करणारी संघटना होती. आज ग्राहकाला फोन तत्काळ मिळतो, हव्या त्या रंगात मिळतो. परंतु तो घडवणाऱ्याच्या हातून यांतील बरेच काही निसटले आहे. ग्राहकाची सोय व्हावी म्हणून कामगाराचे हक्क गेलेच पाहिजेत, असा कोणताही आर्थिक सिद्धांत नाही. ही देवघेव भांडवलदारांनी ठरवली आणि सरकारांनी तिला मान्यता दिली.

रंगाच्या या राजकारणाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा उगम अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्यांत सापडतो. हेन्री फोर्डने १९०८ मध्ये बाजारात आणलेली मॉडेल टी ही मोटार १९१४ पासून सुमारे बारा वर्षे केवळ काळ्या रंगात मिळत होती. रंगाबाबत गिऱ्हाइकाचे काही चालू द्यायचे नाही, हे धोरण फोर्ड लपवीत नसे. १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटार जोडण्याची पद्धत सुरू झाली होती. कामाचे इतके तुकडे झाले आणि वेग इतका वाढला, की माणसे तेथे टिकेनात; त्या वर्षी कामगारांच्या गळतीचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले होते. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने जाहीर केलेल्या पाच डॉलर रोजाचे आणि आठ तासांच्या पाळीचे जगभर कौतुक झाले. पळून जाणाऱ्या कामगाराला बांधून ठेवण्याचा तो उपाय होता, हे मात्र कमी सांगितले जाते. तो रोज मिळण्यासाठी कामगाराचे घर आणि वर्तन तपासायला कंपनीची माणसे घरी येत असत.

फोर्डला शह दिला तो जनरल मोटर्सने. आल्फ्रेड स्लोनच्या कारकिर्दीत या कंपनीने लवकर वाळणारा नवा रंग वापरात आणला आणि १९२४ पासून मोटारी रंगीबेरंगी होऊ लागल्या. त्यापाठोपाठ दरवर्षी नवे रूप, नवा बाज देण्याची प्रथा पडली. जुनी मोटार उत्तम चालत असली तरी ती जुनी दिसू लागली पाहिजे, हे त्यामागचे सूत्र. आज स्मार्टफोनच्या बाजारात दरवर्षी जो नव्या रूपाचा सोहळा होतो, त्याचे मूळ येथे आहे. फोर्डची काळी मोटार १९२७ मध्ये बंद पडली आणि रंगांचा विजय झाला. परंतु त्या रंगीत मोटारी बनवणाऱ्या कामगाराचे काय झाले? जनरल मोटर्सने कामगार संघटनेला मान्यता दिली ती फेब्रुवारी १९३७ मध्ये, आणि तीही फ्लिंट शहरातील कामगारांनी ऐन हिवाळ्यात ४४ दिवस कारखान्यातच ठाण मांडल्यावर. फोर्डने तर त्यासाठी १९४१ साल उजाडू दिले. रंग निवडण्याची मुभा कंपन्यांनी स्वतःहून, उत्साहाने, जाहिराती करून दिली. संघटना निवडण्याचा हक्क मात्र लढून घ्यावा लागला. या दोन निवडींतील फरक ज्याला उमगला, त्याला बाजारातील स्वातंत्र्याची जातकुळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

काळ्या आणि पांढऱ्या फोनची कहाणी याच वळणाची आहे. जून २०१० मध्ये ॲपल कंपनीने आयफोन ४ हा फोन काळ्या व पांढऱ्या अशा दोन रंगांत जाहीर केला. काळा त्याच महिन्यात विक्रीला आला. पांढरा मात्र अपेक्षेपेक्षा अवघड निघाला. शुभ्र काच उन्हाने पिवळी पडू नये आणि तिच्यातून झिरपणारा प्रकाश आतल्या सूक्ष्म उपकरणांना बाधू नये, अशा अडचणी होत्या. पांढरा फोन आज येणार, उद्या येणार, अशा वार्ता जगभरच्या वृत्तपत्रांतून दहा महिने झळकत राहिल्या आणि अखेर २८ एप्रिल २०११ रोजी तो बाजारात आला.

त्याच २०१० साली हे फोन जोडणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या चीनमधील कारखान्यांत, मुख्यतः शेन्झेन येथे, १४ तरुण कामगारांनी आत्महत्या केल्या. खेड्यांतून आलेली, विशीच्या आतबाहेरची ही मुले कंपनीच्याच वसतिगृहांत राहत होती. कंपनीने इमारतींभोवती जाळ्या बांधल्या. जूनच्या आरंभी तेथील मूळ मासिक वेतन ९०० युआनवरून १२०० युआनवर नेले गेले. ही वाढ देता येण्याजोगी होती, हे उमगण्यासाठी इतके बळी जावे लागले. सूझौ येथील दुसऱ्या एका पुरवठादाराकडे फोनचे पडदे लख्ख पुसण्यासाठी एन-हेक्झेन नावाचे द्रावण वापरले गेले आणि त्याच्या वाफेने १३७ कामगारांना बाधा झाली. ॲपलनेच फेब्रुवारी २०११ च्या आपल्या अहवालात हा आकडा दिला. काचेचा पांढरेपणा टिकवण्यासाठी दहा महिने थांबण्याची तयारी असलेल्या उद्योगाला कामगाराच्या फुप्फुसांसाठी आणि मज्जातंतूंसाठी दहा दिवस थांबावेसे वाटले नाही.

पांढऱ्याची ही कथा, तर काळ्याची वेगळी नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या आयफोन ५ चे काळे ॲल्युमिनियमचे अंग सहज ओरखडत असे. खोक्यातून काढलेल्या नव्या फोनवरही ओरखडे दिसतात, अशा तक्रारी आल्या. कंपनीच्या वरिष्ठांनी ॲल्युमिनियमचा तो स्वभावच असल्याचे सांगितले; परंतु कारखान्यात गुणवत्तेचे निकष कडक करण्यात आले. धातू तोच, यंत्रे तीच, वेग तोच, आणि ओरखडा मात्र एकही नको. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी, राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात, झेंगझौच्या कारखान्यात तीन ते चार हजार कामगारांनी काम थांबवल्याचे चायना लेबर वॉच या संस्थेने जाहीर केले. संप झाल्याचे कंपनीने नाकारले, तरी तंटे झाल्याचे मान्य केले. पुढच्या वर्षीच्या फोनमध्ये तो काळा रंग जाऊन त्याच्या जागी करडा आला. रंग बदलणे सोपे होते. कामाची पद्धत बदलणे कुणालाच नको होते. काळा असो वा पांढरा, दोन्हींची किंमत एकाच हातांनी चुकती केली आहे.

हे सारे दूरच्या चीनमध्ये घडले, असे म्हणून सुटका करून घेण्याची सोय आता उरलेली नाही. तोच फोन, त्याच कंपन्यांसाठी, आज कर्नाटकात आणि तमिळनाडूत जोडला जातो. १२ डिसेंबर २०२० रोजी कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे विस्ट्रॉनच्या कारखान्यात थकलेल्या आणि कापलेल्या पगारावरून कामगारांचा उद्रेक झाला. मोडतोडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. बारा तासांच्या पाळ्या आणि वेतनातील गोंधळ या चौकशीत पुढे आलेल्या गोष्टींना तेवढी जागा मिळाली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या महिला कामगारांना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांच्या मैत्रिणी चेन्नई-बंगळूर महामार्गावर येऊन बसल्या, तेव्हा कुठे त्या वसतिगृहांची दशा जगाला कळली. जून २०२४ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केले, की याच कारखान्यात विवाहित स्त्रियांना जोडणीच्या कामावर घेण्याचे टाळले जात होते. ग्राहकाला रंग निवडता येतो. कामगार मुलीला लग्न आणि नोकरी यांत निवड करावी लागते.

सरकारांनी या उद्योगाला काय दिले, हेही पाहिले पाहिजे. केंद्र सरकारने एप्रिल २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना लागू केली. तिच्यात मोबाईल उत्पादकांना वाढीव विक्रीच्या ४ ते ६ टक्के रक्कम सरकारी तिजोरीतून देण्याची तरतूद होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने कारखाना कायद्यात बदल करून बारा तासांच्या पाळीला वाट मोकळी केली. तमिळनाडूने २१ एप्रिल २०२३ रोजी तसेच विधेयक संमत केले. कामगार संघटनांनी आणि सत्ताधारी आघाडीतील मित्रपक्षांनी विरोधाचा आवाज उठवताच ते स्थगित झाले आणि १ मे रोजी मागे घेतल्याचे जाहीर झाले. संघटित विरोधाने आठ तासांचा हक्क राखता येतो, हा त्यातला धडा. दुसरीकडे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक केली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. त्या परंपरेच्या वारसांना कामाच्या तासांचा प्रश्न नव्याने मांडावा लागतो, ही शोकांतिका आहे. पण तो मांडणे भाग आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर निवडीच्या या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण अंगणवाडी सेविकांनी घालून दिले. पोषण आहाराच्या नोंदी करण्यासाठी राज्य सरकारने त्यांना स्मार्टफोन दिले होते. त्या फोनची स्मरणक्षमता तोकडी. ते तापत, अडकत, बंद पडत, आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडे. वर पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये नोंदी इंग्रजीत करण्याची अडचण. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आणि गावच्या पोरांना मराठीतून अक्षरे गिरवायला शिकवणाऱ्या बाईने आपल्याच गावच्या मुलांची वजने परक्या भाषेत भरायची, असा हा न्याय. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे फोन सरकारला परत केले. त्या काळा मागत नव्हत्या की पांढरा. चालणारा फोन आणि मराठी भाषा एवढेच मागत होत्या. ज्यांना फोन ही हौस नसून कामाचे हत्यार आहे, त्यांना तो ठरवताना कुणी विचारलेच नव्हते. त्यांनी फोन परत केले, हीच त्यांची निवड. आणि बाजाराने देऊ केलेल्या कोणत्याही निवडीपेक्षा ती अधिक मोलाची होती.

ग्राहक म्हणून मिळणारे स्वातंत्र्यही खरेदीच्या क्षणापुरतेच असते. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावे लागले, की बॅटरी जुनी झालेल्या फोनचा वेग कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. ग्राहकांना याची नीट कल्पना दिली नाही म्हणून फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा वेग परस्पर ठरवणारा कुणी दुसराच असेल, तर मालक कोण म्हणायचा? काही फोनमध्ये तर बदललेला पडदा किंवा बॅटरी कंपनीच्या संमतीशिवाय पुरती मान्य होत नाही. याचा फटका बसतो तो लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत लहानशा टेबलावर भिंग लावून बसलेल्या दुरुस्ती कारागिराला. राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्रांचा आणि विकेंद्रित उद्योगाचा आग्रह धरला होता. त्या विचाराचा जिवंत नमुना म्हणजे हा कारागीर, आणि कुलूप लावले जात आहे ते नेमके त्याच्या हाताला. परिणाम समोर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट नोंदली गेली. उरलेल्यातील बराचसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडला आणि जाळला जातो.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. या कारखान्यांनी खेड्यापाड्यांतील हजारो मुलींच्या हाती प्रथमच स्वतःचा पगार दिला. अशा टीकेने उद्योग निघून गेले तर त्यांचे काय, असे विचारले जाते. हा पगार लहान गोष्ट नाही, आणि कारखाने बंद पडावेत असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. मुंबईच्या गिरण्यांनीही कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांना रोजगार दिला होता. म्हणून लोखंडे यांनी गिरण्या बंद करा म्हटले नाही. गिरणीत माणसासारखे वागवा म्हटले. श्रीपेरुंबुदूरच्या ज्या मुली महामार्गावर बसल्या, त्यांनाही नोकरी सोडायची नव्हती. पोटात जाईल ते अन्न विषारी नसावे, एवढीच त्यांची मागणी होती. उद्योग निघून जाण्याची भीती घालून जो हक्क नाकारला जातो, तो दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशातही तसाच नाकारला जाणार. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एका कारखान्याच्या फाटकापाशी मिळणार नाही.

यातून कार्यकर्त्यांपुढे काही कामे स्पष्ट होतात. सरकारी तिजोरीतून ज्या उद्योगाला प्रोत्साहन मिळते, तेथे आठ तासांचा दिवस, राहण्यायोग्य वसतिगृह, कंत्राटी कामगाराला समान कामाचे समान वेतन आणि संघटनेला मान्यता या अटी अनुदानालाच जोडल्या पाहिजेत, ही मागणी विधिमंडळात आणि रस्त्यावर लावून धरली पाहिजे. दुसरे, दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन उत्पादकांवर सुटे भाग सात वर्षे आणि सॉफ्टवेअरची सुधारणा पाच वर्षे पुरवण्याचे बंधन घातले. भारतात केंद्राने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळही काढले. पण संकेतस्थळाने कंपनी बांधली जात नाही, त्यासाठी कायदा लागतो. आपल्या गावातील दुरुस्ती कारागिरांना ग्राहक पंचायतींशी आणि कामगार संघटनांशी जोडून घेण्याचे काम कार्यकर्ते उद्यापासून करू शकतात. तिसरे, अंगणवाडी आणि आशा सेविकांसारख्या ज्या कष्टकऱ्यांच्या हाती सरकार यंत्र देते, ते यंत्र आणि त्याची भाषा त्यांच्या संघटनांना विचारूनच ठरली पाहिजे.

काळा घ्यावा की पांढरा, हे ज्याचे त्याने खुशाल ठरवावे. त्यात पक्षाने शिरण्याचे कारण नाही. मात्र तो फोन हाती घेऊन सभेचा निरोप धाडणाऱ्या कार्यकर्त्याने हे विसरू नये, की तो जोडणाऱ्या नरसापूरच्या आणि श्रीपेरुंबुदूरच्या मुलींना अद्याप निवड करायची संधी यायची आहे. ग्राहकाला रंग द्यायला कंपन्या एका पायावर तयार असतात. कामगाराला तास, वेतन आणि संघटना ठरवू द्यायला त्या आपण होऊन तयार होणार नाहीत. फ्लिंटमध्ये झाल्या नाहीत, झेंगझौमध्ये झाल्या नाहीत, आणि कोलारमध्येही होणार नाहीत. ते काम चळवळीचे आहे.